तोंडाच्या कर्करोगात रक्तवाहिन्या मोजताना: सीडी ३४, सीडी १०५ आणि व्हीईजीएफवर किती भिस्त ठेवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: ओरल पॅथॉलॉजीच्या एमडीएस (दंतशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) प्रबंधासाठी तोंडाच्या स्क्वॅमस सेल कार्सिनोमाचे (अस्तराच्या पेशींतून होणाऱ्या कर्करोगाचे) ४० ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले ऊतकाचे तुकडे, घेतले. त्यातल्या २० रुग्णांच्या मानेतल्या लसिका गाठींत कर्करोग पोहोचला होता, २० जणांच्या नाही. सीडी ३४ हा रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर (एंडोथेलियम) रंगवणारा मार्कर लावून सूक्ष्मवाहिन्या मोजल्या, पण दोन गटांत फरक निघाला नाही. व्हीईजीएफ (नव्या वाहिन्या फुटवणारं प्रथिन) तर ४० पैकी ३७ केसेसमध्ये पॉझिटिव्ह आला. मार्गदर्शक म्हणतात सीडी १०५ लावून पाहा. मोजणी चुकली, की हे मार्कर प्रॉग्नोसिस (रोग पुढे कसा वागेल याचा अंदाज) सांगायला निरुपयोगीच आहेत? आणि रिपोर्टमध्ये याबद्दल काही लिहावं का?

मार्कर निरुपयोगी नाहीत. पण तुम्ही ज्या पद्धतीने ते वापरले, त्या पद्धतीने बहुतेक वेळा हेच उत्तर मिळतं. सीडी ३४ जुन्या-नव्या सगळ्याच वाहिन्या दाखवतो. व्हीईजीएफचा 'पॉझिटिव्ह-निगेटिव्ह' हा निकष इतका ढिला आहे की त्यात जवळजवळ प्रत्येक ट्यूमर बसतो. तिसरं म्हणजे प्रत्येक गटात २० केसेस घेतल्या तर सरासऱ्यांमधला फरक प्रमाण विचलनाच्या साधारण ०.९ पट असेल तेव्हाच तो ८० टक्के खात्रीने पकडता येतो. त्याहून लहान पण खरा फरक तुमच्या हातून निसटलेला असू शकतो. त्यामुळे 'फरक नाही' असं न लिहिता 'या नमुन्यात फरक सिद्ध झाला नाही' असं लिहा.

आधी मुळाशी काय चालतं ते पाहू, कारण मोजणीतल्या चुका तिथूनच कळतात. रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रॉनपर्यंतच ऑक्सिजन पोहोचतो. म्हणून नव्या वाहिन्या आल्याशिवाय ट्यूमर एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढत नाही, हा विचार ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडला. ऑक्सिजन कमी पडला की पेशीतला एचआयएफ-१ अल्फा (ऑक्सिजनची टंचाई ओळखणारं प्रथिन) नष्ट होणं थांबतं, तो केंद्रकात जातो आणि व्हीईजीएफचं जनुक चालू करतो. व्हीईजीएफ पेशीबाहेर पडून शेजारच्या एंडोथेलियमवरच्या व्हीईजीएफआर-२ या रिसेप्टरला चिकटतो आणि तिथून नवी फूट निघते. याच प्रथिनाला आधी 'व्हॅस्क्युलर परमिएबिलिटी फॅक्टर' म्हणत, कारण ते वाहिन्या गळक्या करतं. म्हणून ट्यूमरमधल्या वाहिन्या वेड्यावाकड्या, पाझरणाऱ्या आणि अर्धवट बनलेल्या असतात. त्यांची संख्या भरपूर असली तरी रक्तपुरवठा चांगला असतोच असं नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

आता मार्करांकडे. सीडी ३४ (क्यूबेंड १० हा नेहमीचा क्लोन, म्हणजे अँटिबॉडीचा प्रकार) ठसठशीत येतो आणि सहसा दगा देत नाही, म्हणून सगळ्यांना आवडतो. पण तो जिभेच्या स्नायूंमधल्या मूळच्या केशवाहिन्याही तितक्याच ठळक दाखवतो. शिवाय निरोगी तोंडाच्या संयोजी ऊतकात सीडी ३४ पॉझिटिव्ह फायब्रोसाइट असतात. त्या लांबट, चातीसारख्या निमुळत्या पेशी एका रेषेत कापल्या गेल्या की हुबेहूब रिकाम्या केशवाहिनीसारख्या दिसतात. कार्सिनोमाच्या स्ट्रोमामध्ये (ट्यूमरभोवतीच्या आधार-ऊतकात) या पेशी नाहीशा होतात. परिणामी नॉर्मल किंवा डिस्प्लेसियाच्या (कर्करोगाआधीच्या पेशीबदलांच्या) स्लाइडवर मोजणी फुगते आणि कार्सिनोमामध्ये फुगत नाही. 'नॉर्मलपासून कार्सिनोमापर्यंत वाहिन्या वाढत जातात' हे दाखवायला निघालेल्या प्रबंधांत अपेक्षेइतकी वाढ दिसत नाही, त्यामागे अनेकदा हे कारण असतं.

सीडी ३१ (जेसी ७० ए) एंडोथेलियमशी जास्त प्रामाणिक आहे. पण तो मॅक्रोफेज, प्लेटलेट आणि प्लाझ्मा पेशींनाही रंगवतो, आणि तोंडाच्या ट्यूमरभोवती प्लाझ्मा पेशींचा खच असतो. फॅक्टर ८ लहान केशवाहिन्या सोडून देतो; आज निवड हातात असेल तर तो घेऊ नये. सीडी १०५ म्हणजे एंडोग्लिन. हा टीजीएफ-बीटाचा सह-रिसेप्टर आहे आणि वाढत्या एंडोथेलियममध्ये जोमाने दिसतो, शांत वाहिनीत फिका किंवा नसल्यासारखा. त्यामुळे 'ट्यूमरने स्वतः बनवलेल्या' वाहिन्या मोजायच्या असतील तर तुमच्या मार्गदर्शकांचा सल्ला योग्य आहे. मात्र सीडी १०५ रागीट अँटिबॉडी आहे. काही क्लोन उष्णतेच्या रिट्रीव्हलला (झाकलेलं अँटिजेन उघडं करण्याच्या टप्प्याला) अजिबात दाद देत नाहीत, त्यांना प्रोटीनेज के हे एन्झाइम लागतं. डेटाशीट न वाचता सीडी ३४ च्या प्रोटोकॉलवर तो चालवला तर स्लाइड कोरी येते आणि 'सीडी १०५ निगेटिव्ह' असा चुकीचा निकाल कागदावर उतरतो. प्रत्येक बॅचमध्ये प्लासेंटाचा एक सेक्शन कंट्रोल म्हणून ठेवा.

स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलीत की पहिली दहा मिनिटं काही मोजू नका. ४ एक्सने पूर्ण सेक्शन फिरा, मग १० एक्सने तपकिरी ठिपके सगळ्यात दाट कुठे आहेत ते तीन भाग हेरा आणि मोजणी २० एक्सने करा. वाइडनर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये स्तनाच्या कर्करोगात हीच हॉटस्पॉटची पद्धत मांडली. तिचे नियम साधे आहेत: शेजारच्यापासून वेगळी दिसणारी प्रत्येक तपकिरी एंडोथेलियल पेशी किंवा पेशींचा पुंजका म्हणजे एक वाहिनी, पोकळी दिसलीच पाहिजे असं नाही, आत लाल पेशी असल्याच पाहिजेत असंही नाही. जाड स्नायूभिंत असलेल्या आणि साधारण आठ लाल पेशी शेजारी-शेजारी मावतील याहून मोठी पोकळी असलेल्या वाहिन्या सोडून द्यायच्या.

नियम सोपे, पण तोंडाच्या ऊतकात हॉटस्पॉट फसवे असतात. सगळ्यात दाट वाहिन्या नेहमी व्रणाच्या तळाशी, ग्रॅन्युलेशन टिश्यूमध्ये दिसतात. तिथे फायब्रिन आणि न्यूट्रोफिल यांच्या खाली उभ्या समांतर केशवाहिन्यांचा कुंचला असतो. तो ट्यूमरचा नाही, जखम भरण्याचा आहे. आधीच्या बायोप्सीच्या जागीही तेच. हे दोन्ही भाग वगळा. हॉटस्पॉट ट्यूमरच्या बेटांच्या आत किंवा त्यांना लागून असलेल्या स्ट्रोमामध्ये हवा, आणि शक्यतो आक्रमक कडेला, जिथे ट्यूमर खोलवर घुसतो आहे. जिभेच्या केसमध्ये एच अँड ई (नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाची) स्लाइड शेजारी ठेवून पाहा: वाहिनीच्या दोन्ही बाजूंना धडधाकट स्नायूतंतू असतील तर ती स्नायूचीच आहे, मोजू नका. नेक्रोसिस आणि लाळग्रंथींचे लोब्यूलही टाळा.

महाराष्ट्रात काम करणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी नोंदलीच पाहिजे. आपल्याकडे गालाचा आणि हिरडीचा कर्करोग जास्त, आणि त्यातल्या अनेकांच्या मागे गुटखा, मावा, विदर्भातला खर्रा आणि सुपारीतून आलेला सबम्युकस फायब्रोसिस (तोंडाच्या अस्तराखालचं ऊतक घट्ट होण्याचा आजार) असतो. अशा रुग्णाच्या गालात लॅमिना प्रोप्रिया (अस्तराखालचा संयोजी थर) हायलिनाइज, म्हणजे काचेसारखी एकसंध, झालेली असते, वाहिन्या आक्रसलेल्या किंवा बुजलेल्या असतात. म्हणजे ट्यूमर मुळात वाहिन्या कमी असलेल्या जमिनीत उगवतो. जिभेचा कर्करोग मात्र वाहिन्यांनी भरलेल्या स्नायूत वाढतो. तुमच्या ४० केसेसमध्ये जीभ आणि गाल एकत्र असतील, फायब्रोसिस असलेले आणि नसलेले एकत्र असतील, तर त्यांच्या सूक्ष्मवाहिनी-घनतेची एकच सरासरी काढण्याला अर्थ उरत नाही. निदान जागेनुसार आणि फायब्रोसिसनुसार वेगळे रकाने करा.

पुढची चूक अंकगणिताची आहे आणि ती प्रबंधांमध्ये सर्रास होते: 'प्रति फील्ड ३० वाहिन्या' असं लिहून मोकळं होणं. फील्ड केवढं? आयपीसवर कोरलेला फील्ड नंबर भागिले ऑब्जेक्टिव्ह म्हणजे फील्डचा व्यास. फील्ड नंबर १८ असेल तर २० एक्सला व्यास ०.९ मि.मी. आणि क्षेत्रफळ सुमारे ०.६४ चौ. मि.मी.; फील्ड नंबर २२ असेल तर व्यास १.१ मि.मी. आणि क्षेत्रफळ सुमारे ०.९५ चौ. मि.मी. तेच ३० पहिल्या सूक्ष्मदर्शकावर प्रति चौ. मि.मी. ४७ होतात आणि दुसऱ्यावर ३२. वाइडनर यांचं फील्ड ०.७४ चौ. मि.मी. होतं. त्यामुळे त्यांच्या आकड्याशी आपला आकडा सरळ ताडून पाहता येत नाही. स्टेज मायक्रोमीटरने एकदा व्यास तपासा आणि निकाल कायम प्रति चौ. मि.मी. द्या.

मोजणाऱ्यांमधला फरक कमी करायचा असेल तर चॉकली पद्धत वापरा. आयपीसमध्ये २५ ठिपक्यांची जाळी बसवायची, हॉटस्पॉटवर ती फिरवत जास्तीत जास्त ठिपके वाहिन्यांवर पडतील अशी जुळवायची, ते ठिपके मोजायचे आणि तीन हॉटस्पॉटची सरासरी घ्यायची. 'ही एक वाहिनी की दोन' हा वादच त्यात संपतो. कोणतीही पद्धत घ्या, दोन निरीक्षकांनी एकमेकांचे आकडे आणि गाठींचा निकाल न पाहता मोजायचं. इंट्राक्लास सहसंबंध (दोघांचे आकडे किती जुळतात याचं माप) ०.८ च्या खाली आला तर आधी दहा स्लाइड एकत्र बसून पाहा आणि मगच पुढे जा.

व्हीईजीएफची गोष्ट वेगळी आहे, कारण ते स्रवणारं प्रथिन आहे. ते पेशीद्रवात दिसतं, स्ट्रोमामध्ये पसरतं, मॅक्रोफेजमध्येही असतं. केराटिन पर्ल (ट्यूमरमधले केराटिनचे गोळे) आणि सेक्शनच्या कडा डीएबी (तपकिरी रंग देणारं रसायन) उगाच धरून ठेवतात. तिथला तपकिरी रंग मोजू नका. '१० टक्क्यांहून जास्त पेशी रंगल्या म्हणजे पॉझिटिव्ह' हा निकष लावलात तर ४० पैकी ३७ येणारच. त्याऐवजी रंगाची तीव्रता (० ते ३) गुणिले त्या तीव्रतेच्या पेशींचं प्रमाण, या सगळ्यांची बेरीज, असा ० ते ३०० चा हिस्टोस्कोअर काढा. समजा एका केसमध्ये ३० टक्के पेशी फिक्या, ४० टक्के मध्यम आणि १० टक्के गडद आहेत: ३० अधिक ८० अधिक ३०, म्हणजे १४०. आक्रमक कडेचा आणि ट्यूमरच्या मध्याचा स्कोअर वेगळा लिहा. कोणत्या व्हीईजीएफची अँटिबॉडी आहे तेही लिहा. व्हीईजीएफ-ए रक्तवाहिन्यांचा, व्हीईजीएफ-सी मुख्यतः लसिकावाहिन्यांचा. मानेतल्या गाठींचा प्रश्न असेल तर व्हीईजीएफ-सी आणि डी २-४० (लसिकावाहिन्या रंगवणारी अँटिबॉडी) ही जोडी जास्त तर्कसंगत आहे. मात्र डी २-४० ट्यूमरच्या बेटांच्या परिघावरच्या पेशींनाही रंगवतो, त्यांना लसिकावाहिनी समजू नका.

रंगाचे बरेच घोटाळे अँटिबॉडीआधीच झालेले असतात. ऊतक ३ ते ५ मि.मी. जाडीचे काप करून, किमान दहापट १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये, साधारण २४ ते ४८ तास. हेमिमँडिब्युलेक्टोमीचा (अर्धा खालचा जबडा काढल्याचा) नमुना अख्खाच नायट्रिक आम्लात टाकला तर अँटिजेन जवळजवळ गेलेच. डीकॅल्सिफिकेशनच्या (हाडातलं कॅल्शियम काढण्याच्या) आधी मऊ भागाचा वेगळा ब्लॉक काढून ठेवा, आणि हाडाचाच लागला तर ईडीटीए वापरा. सेक्शन ३ ते ४ मायक्रॉनचे, पॉलि-एल-लायसिन लावलेल्या स्लाइडवर, आणि कापल्यावर लवकर रंगवा. न रंगवता महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या स्लाइडवर रंग फिका येतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचा टप्पा (३ टक्के, १० मिनिटं) आखडता घेतला तर लाल पेशींतलं पेरॉक्सिडेज शिल्लक राहतं आणि वाहिनीच्या आतला ऐवजच तपकिरी होतो. अशा स्लाइडवर एंडोथेलियम निळं आणि पोकळी तपकिरी दिसते. नीट बघणाऱ्याला ते लगेच कळतं, घाईत मोजणाऱ्याला कळत नाही.

आता प्रॉग्नोसिस. २००५ साली कायझास, कुन्हा आणि योआनिडिस यांनी डोके-मानेच्या स्क्वॅमस कार्सिनोमातले १२ अभ्यास आणि १००२ रुग्ण एकत्र केले. व्हीईजीएफ पॉझिटिव्ह रुग्णांत दोन वर्षांतल्या मृत्यूचा धोका १.८८ पट निघाला. आकडा दमदार आहे. पण याच गटाने त्याच वर्षी हेही दाखवलं की या क्षेत्रात सकारात्मक निकाल जास्त छापले जातात आणि निवडून सांगितले जातात. ट्यूमर मार्करचे अभ्यास कसे मांडावेत याच्या रिमार्क मार्गदर्शक सूचनाही २००५ च्याच. त्या छापून टेबलावर ठेवा. विशेषतः कट-ऑफ (जास्त आणि कमी यांमधली सीमा): मध्यक किंवा आधी ठरवलेला आकडा घ्या. वेगवेगळे कट-ऑफ लावून ज्याला सर्वांत लहान पी-व्हॅल्यू येते तो निवडणं म्हणजे योगायोगालाच निष्कर्ष म्हणणं आहे.

अभ्यास एकमेकांशी का जुळत नाहीत, याचं एक जैविक कारणही आहे आणि ते फार कमी लोक लक्षात घेतात. वाहिन्या खूप असतील तर ट्यूमर पेशींना रक्तात शिरायला दारं जास्त. वाहिन्या फार कमी असतील तर ट्यूमर ऑक्सिजनअभावी गुदमरलेला असतो, आणि अशा पेशी रेडिएशनला दाद देत नाहीत. म्हणजे दोन्ही टोकं वाईट असू शकतात. फक्त शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत जास्त घनता वाईट ठरते, रेडिएशनवर उपचार झालेल्यांत कमी घनता वाईट ठरू शकते. दोन्ही प्रकारचे रुग्ण एका आलेखात घातले की रेषा सपाट होते. तुमच्या रुग्णांवर कोणते उपचार झाले, हा रकाना तुमच्या मास्टर चार्टमध्ये असलाच पाहिजे.

आणि खरी परीक्षा पुढे आहे. आज रुग्णाचं भवितव्य ठरवणाऱ्या गोष्टी एच अँड ईवर दिसतात: मानेतल्या गाठी, गाठीचं कवच फोडून बाहेर आलेला ट्यूमर, आक्रमणाची खोली, मार्जिन (कापलेल्या कडेवर ट्यूमर उरला का), मज्जातंतूभोवतीचं आक्रमण. एजेसीसीच्या (कर्करोगाच्या टप्प्यांचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकी समितीच्या) आठव्या आवृत्तीत खोली थेट टी-स्टेजमध्ये (मूळ ट्यूमरच्या टप्प्यात) आली: २ सें.मी.पर्यंतचा ट्यूमरही ५ मि.मी.हून खोल असेल तर टी २. कवच फुटलेलं असेल किंवा मार्जिन पॉझिटिव्ह असेल तर शस्त्रक्रियेनंतर रेडिएशनबरोबर केमोथेरपी दिली जाते. मार्करला या सगळ्यांच्या रांगेत उभं राहून स्वतःचं काही सांगता आलं पाहिजे. खोल ट्यूमरमध्ये वाहिन्या जास्त, आणि खोल ट्यूमरच गाठींत जातो. मग वाहिन्यांनी नवं काय सांगितलं? मल्टिव्हेरिएट विश्लेषणात (अनेक घटक एकत्र तपासताना) खोली घातल्यावर सीडी १०५ टिकतो का, हा तुमच्या प्रबंधाचा खरा प्रश्न आहे. पण तिथेही हिशेब आड येतो. ढोबळ नियम असा की एका घटकामागे किमान दहा घटना लागतात. गाठी हाच निकाल धरला तर तुमच्याकडे २० घटना आहेत, म्हणजे मॉडेलमध्ये दोनच घटक: खोली आणि सीडी १०५. तिसरा घालू नका.

हे मार्कर उद्या कामाला आले तर लहान, उथळ ट्यूमरमध्येच येतील, असं माझं स्पष्ट मत आहे. टाटा मेमोरियलच्या २०१५ च्या चाचणीने दाखवलं की मान वरवर साफ दिसत असतानाही सुरुवातीलाच नेक डिसेक्शन (मानेतल्या लसिका गाठी काढण्याची शस्त्रक्रिया) केलं तर तीन वर्षांचं जगण्याचं प्रमाण ८० टक्के, आणि गाठ दिसेपर्यंत थांबलं तर ६७.५ टक्के. तरीही जेमतेम २-३ मि.मी. खोल ट्यूमर असलेल्या रुग्णाची मान उघडावी का, हा प्रश्न उरतोच. तिथे बायोप्सीवरून 'हा ट्यूमर पसरणारा आहे की नाही' हे कुणी विश्वासाने सांगू शकलं तर अनेकांची नको असलेली मानेची शस्त्रक्रिया टळेल आणि तिच्यात दुखावणारा खांदा वाचेल. त्यासाठी अनेक केंद्रांवर, एकाच प्रोटोकॉलने, शेकड्यांनी केसेस लागतील.

उपचारांबद्दल नातेवाईक विचारतात म्हणून: व्हीईजीएफ पॉझिटिव्ह आला म्हणून बेव्हॅसिझुमॅब (व्हीईजीएफ रोखणारं औषध) द्यायचं, असं नाही. पुन्हा उद्भवलेल्या किंवा दूर पसरलेल्या डोके-मानेच्या कर्करोगात ४०३ रुग्णांच्या ई १३०५ चाचणीत प्लॅटिनम केमोथेरपीला ते जोडल्यावर जगण्याचा मध्यक ११.० वरून १२.६ महिने झाला, हा फरक सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध झाला नाही. गंभीर रक्तस्राव मात्र ०.५ टक्क्यांवरून ६.७ टक्क्यांवर गेला. रक्तातल्या व्हीईजीएफचीही तीच सावधगिरी: रक्त गोठताना प्लेटलेट स्वतःचं व्हीईजीएफ सोडतात, त्यामुळे सीरममधला आकडा बराचसा प्लेटलेटचा असतो. मोजायचंच असेल तर ईडीटीए किंवा सायट्रेटमधला प्लाझ्मा घ्या, आणि शस्त्रक्रियेआधी. भरत्या जखमेतही व्हीईजीएफ वाढतो.

तुमच्या ४० ब्लॉकचं आता असं करा. जुने आकडे बाजूला ठेवा, फेकू नका. एच अँड ईवर प्रत्येक केसची जागा, सबम्युकस फायब्रोसिस आहे की नाही, खोली मि.मी.मध्ये आणि व्रण कुठे आहे ते लिहा. आक्रमक कडा असलेला ब्लॉक निवडून शेजार-शेजारचे सेक्शन सीडी ३४, सीडी १०५ आणि व्हीईजीएफ-सीसाठी कापा. सीडी १०५ आधी प्लासेंटावर आणि पाच केसेसवर जमवा, मगच सगळ्या स्लाइड एका बॅचमध्ये चालवा. दोघांनी चॉकलीने मोजा, व्हीईजीएफ-सीला हिस्टोस्कोअर द्या. सीडी १०५ आणि सीडी ३४ यांचं गुणोत्तरही काढा. नुसत्या संख्येपेक्षा त्यातून नव्या वाहिन्यांचा वाटा कळतो.

रुग्णाच्या नेहमीच्या रिपोर्टमध्ये यातलं काहीही निष्कर्ष म्हणून लिहू नका. सर्जनने संशोधनासाठी मागितलंच तर एवढं पुरे: 'सीडी १०५ सूक्ष्मवाहिनी-घनता प्रति चौ. मि.मी. अमुक, तीन हॉटस्पॉटची सरासरी, क्लोन अमुक. उपचाराच्या निर्णयासाठी वापरू नये.' आणि त्याच रिपोर्टवर खोली, मार्जिन आणि गाठीचं कवच हे तीन रकाने कधीही रिकामे सोडू नका.